नवे शिक्षक रुजू होताना : तयारीपासून पहिल्या वर्षाच्या अखेरीपर्यंत कामाचा क्रम

बहुतेक शाळांमध्ये नव्या शिक्षकांचं स्वागत म्हणजे रुजू होण्याच्या दिवशी शिक्षकखोलीत करून दिलेली ओळख. टाळ्या होतात, वेळापत्रकाचा कागद हातात पडतो, घंटा होते आणि नवे सर किंवा बाई वर्गाकडे निघतात. पुढचं सगळं त्यांनी आपलं आपण शोधायचं असतं. दोन महिन्यांनी कुजबुज सुरू होते : यांचा वर्ग शांत बसत नाही, यांच्या वह्या तपासून होत नाहीत, हे कोणात मिसळत नाहीत.

या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. रुजू होण्याआधीची कामं पहिल्या दिवशी घाईघाईने उरकली जातात. पहिल्या दिवशी सांगायच्या गोष्टी काहीतरी बिनसल्यावर सांगितल्या जातात. आणि तिसऱ्या महिन्यात जो आधार लागतो तो द्यायचं कोणाच्या ध्यानातच येत नाही. पुढचे टप्पे मुख्याध्यापकांसाठी, पर्यवेक्षकांसाठी आणि ज्यांच्याकडे हे काम सोपवलं जातं त्या ज्येष्ठ शिक्षकांसाठी आहेत. ते दिलेल्या क्रमानेच करा. पहिल्या दोन टप्प्यांना सर्वांत जास्त वेळ लागेल, आणि तो द्यायलाच हवा.

## टप्पा १ : नियुक्ती नक्की झाली की लगेच करायची तयारी

एका माणसाचं नाव ठरवा. "आपण सगळे मिळून बघू" असं ठरलं की कोणीच बघत नाही. पर्यवेक्षक असोत, ज्येष्ठ शिक्षक असोत, नव्या शिक्षकाच्या पहिल्या महिन्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे असावी आणि ती कोण हे कार्यालयापासून शिपायांपर्यंत सगळ्यांना माहीत असावं.

लेखी निरोप पाठवा. नियुक्तीपत्रात पद, वेतन आणि तारीख असते. नव्या माणसाला रात्री झोप येऊ न देणारे प्रश्न मात्र वेगळे असतात : किती वाजता यायचं, कोणत्या फाटकातून, आल्यावर कोणाला भेटायचं, कोणत्या इयत्ता शिकवायच्या, कोणती पुस्तकं वापरात आहेत, दिवस किती वाजता संपतो, कोणते कागद सोबत आणायचे. हे सगळं एका पानात मावतं. त्याच पानावर जबाबदार व्यक्तीचं नाव आणि फोन क्रमांक लिहा. पाठ्यपुस्तकं आणि वार्षिक नियोजन आधीच देता आलं तर त्याहून चांगलं. पहिला धडा घरी निवांत वाचून आलेला शिक्षक आणि मधल्या सुट्टीत पुस्तक शोधत फिरणारा शिक्षक यांचे पहिले तास फार वेगळे होतात.

वेळापत्रक. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वेळापत्रक करणारे आधी जुन्या शिक्षकांच्या सोयी बघतात. उरलेलं नव्याच्या वाट्याला येतं : चार वेगवेगळ्या इयत्ता, तीन वेगवेगळे विषय, शेवटच्या तासाचा सगळ्यात अवघड वर्ग, दर तासाला वेगळी खोली, आणि वर कोणी रजेवर गेलं की बदली तास. शाळेतला सगळ्यात कमी अनुभवाचा माणूस सगळ्यात अवघड काम करत असतो आणि तो कमी पडला की दोष त्याच्यावर येतो. हे बदलायचं तर वेळापत्रक पक्कं होण्याआधी चार गोष्टी पाहा.

पहिली, एकूण तासांपेक्षा वेगवेगळ्या तयारींची संख्या मोजा. एकाच इयत्तेच्या तीन तुकड्यांना एकच धडा शिकवणं हे तीन इयत्तांना तीन धडे शिकवण्यापेक्षा कितीतरी सोपं. शिवाय सकाळी एका तुकडीत फसलेलं उदाहरण दुपारी दुसऱ्या तुकडीत सुधारता येतं. नवा शिक्षक शिकतो तो असाच.

दुसरी, सगळ्यांना जड जाणाऱ्या तुकडीचं वर्गशिक्षकपद नव्याला देऊ नका. तिसरी, पहिले दोन आठवडे बदली तास अजिबात नकोत. चौथी, सोबती शिक्षकाचा आणि नव्याचा आठवड्यातून किमान एक मोकळा तास एकाच वेळी येईल असं बघा. हा तास आधी बसवावा लागतो. वेळापत्रक झाल्यावर तो शोधू गेलात तर सापडत नाही.

इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून नव्या शिक्षकांसाठी दोन वर्षांचा आधार-कार्यक्रम लागू आहे. त्यात पहिल्या वर्षी अध्यापनाचे तास १० टक्के आणि दुसऱ्या वर्षी ५ टक्के कमी ठेवावे लागतात. आठवड्याला ३० तासांचं काम असेल तर पहिल्या वर्षी ३ तास मोकळे मिळतात. तुमच्या शाळेवर असं बंधन नसेल आणि मनुष्यबळही कमी असेल, तरी एक तास काढता येतोच. तो तास तयारीसाठी आहे हे लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात तो बदली तासात जाईल.

सामान. बसायची जागा, कुलूप लागणारा खण, हजेरीपट, पाठ्यपुस्तकं, ओळखपत्र, संगणकाचं खातं आणि पासवर्ड, झेरॉक्सची पद्धत, किल्ल्या. किल्ल्यांची गोष्ट क्षुल्लक वाटते. पण प्रयोगाचं साहित्य कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, किल्ली कार्यालयात आहे, कार्यालयातले लिपिक बाहेर गेले आहेत आणि वर्गात चाळीस मुलं वाट बघत आहेत, हा प्रसंग मुलांच्या डोळ्यांदेखत घडतो. मुलं लगेच ओळखतात की या बाईंना शाळेतलं अजून काही ठाऊक नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस ती त्यानुसार वागतात.

आधीच्या शिक्षकांकडून हस्तांतर. हे तोंडी घेऊ नका. "समीकरणं झाली" असं कळल्याने काहीच कळत नाही. समीकरण सोडवणं झालं की शाब्दिक उदाहरणंही झाली? अपूर्णांक असलेली समीकरणं घेतली का? चाचणी झाली का, आणि तीत किती मुलं अडली? प्रत्येक तुकडीसाठी अर्धं पान पुरतं : काय पक्कं झालं, काय वरवर झालं, काय राहिलं, कोणत्या मुलांना वेगळं लक्ष लागतं. या शेवटच्या रकान्यात गरज लिहा, शेरा लिहू नका. "पुढच्या बाकावर बसवावं, फळा नीट दिसत नाही" हे उपयोगी. "आगाऊ आहे" या शेऱ्याने नव्या शिक्षकाची नजर त्या मुलाला भेटायच्या आधीच गढूळ होते.

> तपासा (रुजू होण्याच्या तीन दिवस आधी) : वेळापत्रक नव्या शिक्षकाच्या हातात पोहोचलं का? खण उघडून पाहिला का, की आधीच्या माणसाचे कागद अजून तिथेच आहेत? पासवर्ड एकदा स्वतः टाकून बघितला का? प्रमाणपत्रांची आणि पूर्वनोंदींची पडताळणी पूर्ण झाली का? यातलं काही राहिलं असेल तर आजच करा. पहिल्या दिवशी वेळ मिळणार नाही.

## टप्पा २ : सोबती शिक्षक निवडा

सोबती म्हणजे ज्यांना नवा शिक्षक बिनदिक्कत साधे प्रश्न विचारू शकेल असे सहकारी. मार्गदर्शक म्हणा, सोबती म्हणा. निवड करताना मात्र सेवाज्येष्ठता हा एकच निकष लावू नका.

विषय एकच असणं महत्त्वाचं आहे. रिचर्ड इंगरसोल आणि थॉमस स्मिथ यांनी अमेरिकेतल्या नवशिक्षकांच्या राष्ट्रीय पाहणीतल्या माहितीचं विश्लेषण २००४ मध्ये प्रसिद्ध केलं. स्वतःच्याच विषयाचे मार्गदर्शक मिळालेले आणि त्याच विषयाच्या इतर शिक्षकांबरोबर नियोजनाला समान वेळ मिळालेले शिक्षक पहिल्या वर्षानंतर शाळा सोडण्याचं प्रमाण कमी होतं. याचं कारण वर्गात उभं राहिलं की कळतं. विज्ञानाच्या नव्या शिक्षकाला "मुलांशी प्रेमाने वागा" या सल्ल्यापेक्षा, विद्युत मंडलाचा प्रयोग पन्नास मुलांच्या वर्गात कसा बसवायचा हे सांगणारा माणूस हवा असतो.

लहान शाळेत एका विषयाला एकच शिक्षक असतो. तिथे काम दोघांत वाटा. शाळेच्या रोजच्या रीतीभाती सांगायला शेजारच्या वर्गाचे शिक्षक, आणि विषयासाठी जवळच्या दुसऱ्या शाळेतले कोणीतरी, आठवड्यातून एकदा फोनवर.

दुसरा निकष स्वभावाचा. सोबतीला ऐकता यायला हवं. उत्तम शिकवणारे सगळेच उत्तम सोबती होत नाहीत. काहींना आपल्या पद्धतीखेरीज दुसरी पद्धत सहनच होत नाही. तीन-चार वर्षांपूर्वी रुजू झालेले शिक्षक पुष्कळदा फार चांगले सोबती ठरतात, कारण नवं असताना काय कळत नाही हे त्यांना अजून आठवत असतं.

> सावधान : सोबती आणि मूल्यमापन करणारी व्यक्ती एकच ठेवू नका. जिच्या हातात गोपनीय अहवाल आहे तिच्यापुढे "मला आठवीचा वर्ग आवरत नाही" असं कोण म्हणेल? इंग्लंडच्या कार्यक्रमातही मार्गदर्शक आणि मूल्यमापन पाहणारे शिक्षक या दोन भूमिका वेगळ्या ठेवल्या आहेत. सोबतीकडून "नवे सर कसे आहेत?" अशी खासगी चौकशी मुख्याध्यापकांनीही करू नये. एकदा केली तरी ती गोष्ट शिक्षकखोलीत कळते आणि त्या दिवसापासून नव्याचे प्रश्न थांबतात. अपवाद एकच : मुलांच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर सोबतीने तो वर सांगायचाच, आणि हे दोघांनाही पहिल्या भेटीतच स्पष्ट करून ठेवायचं.

सोबतीच्या कामालाही वेळ मोजून द्या. त्यांच्याकडचं एखादं समितीचं काम किंवा एखादी पर्यवेक्षणाची पाळी काढून घ्या. वेळ दिला नाही तर पहिला आठवडा उत्साहात जातो आणि मग दोघांची भेट फक्त जिन्यात होते.

सोबतीला पक्की ताकीद द्यावी अशी एक गोष्ट आहे. "काही लागलं तर सांगा हं" एवढ्यावर थांबू नये. हे वाक्य सगळेच मनापासून म्हणतात, पण त्यावर फार थोडे नवे शिक्षक काही मागायला येतात, कारण काय लागणार आहे हेच त्यांना माहीत नसतं, आणि विचारलं तर आपण कच्चे दिसू अशी धास्तीही असते. त्याऐवजी नेमकं विचारा. "आज कोणत्या तासाला मुलं हातातून सुटली?" "कोणत्या वर्गात जायला जड वाटतं?" "उद्याच्या तासात कुठे अडेल असं वाटतंय?" अशा प्रश्नांना उत्तरं मिळतात.

## टप्पा ३ : पहिला दिवस

शक्य असेल तर पहिला दिवस मुलं शाळेत नसताना ठेवा, निदान अर्धा दिवस. ते जमत नसेल तर पहिले दोन तास मोकळे ठेवा. क्रम असा :

1. फाटकावर कोणीतरी हजर असावं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी. कार्यालयाबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसवून ठेवलं तर पुढच्या स्वागताला फारसा अर्थ राहत नाही.

2. आधी शाळा फिरवा, मग कागद भरा. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, शिक्षकखोली, त्यांचे वर्ग, साहित्याची खोली, कार्यालय, बाहेर पडायचे मार्ग. मुलं ज्या जिन्याने वर्गात जातात त्याच जिन्याने न्या.

3. ओळख माणसागणिक करून द्या. एकदम तीस नावं सांगितली तर एकही लक्षात राहत नाही. पहिल्या दिवशी पाच-सहा माणसं पुरेत : लिपिक, शिपाई, ग्रंथपाल, शेजारच्या वर्गाचे शिक्षक आणि सोबती. शिपायांची आणि लिपिकांची ओळख बहुतेक ठिकाणी राहूनच जाते, आणि पहिल्या आठवड्यात दिवसातून दहा वेळा काम पडतं ते त्यांच्याशीच. नव्या शिक्षकाचं नाव त्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे तेही नावाने हाक मारतील.

4. सुरक्षिततेच्या गोष्टी आजच, बाकी नियम नंतर. आग लागली तर कोणत्या मार्गाने मुलांना न्यायचं आणि कुठे जमवायचं. कोणत्या मुलाला दमा, फिट्स किंवा तीव्र ॲलर्जी आहे, त्याचं औषध कुठे ठेवलं आहे. मूल पडलं, लागलं तर पहिल्यांदा कोणाला कळवायचं. शाळा सुटल्यावर मुलाला कोणाच्या ताब्यात द्यायचं. एखाद्या मुलाने घरी किंवा शाळेत होणाऱ्या त्रासाबद्दल सांगितलं तर ते कोणापर्यंत न्यायचं. हे सगळं समोर बसून सांगा आणि लेखीही द्या. रजेचे अर्ज, देयकं, समित्यांची रचना आज नको.

5. वर्गात सोडायला जा. मुख्याध्यापकांनी किंवा पर्यवेक्षकांनी दारापर्यंत जावं, दोन वाक्यांत नाव आणि विषय सांगावा आणि निघावं. "यांना त्रास देऊ नका हं" असं मुलांना सांगू नका. त्रास देता येतो हे त्यांना तिथेच कळतं. आधीच्या शिक्षकांचं कौतुकही इथे नको.

6. शेवटच्या घंटेनंतर दहा मिनिटं. सोबतीने थांबायचंच. आज काय विचारायचं राहिलं एवढंच ऐकायचं. सल्ला फक्त मागितला तर.

> नेहमीची चूक : सत्कार, भाषण आणि फोटो यांत सकाळ घालवणं, आणि मग नव्या शिक्षकाला अचानक "चार शब्द बोला" म्हणणं. समारंभ करायचाच असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात करा. तोवर त्यांना समोरची माणसं ओळखीची झालेली असतात.

## टप्पा ४ : पहिला आठवडा

या आठवड्यात शिकायच्या असतात त्या शाळेच्या अलिखित रीती, आणि पुस्तिकेत नेमक्या त्याच नसतात. शिक्षकखोलीत कोण कुठे बसतं. डबा एकत्र खातात का. रजा मागायची ती आधी तोंडी की थेट अर्ज. मूल वर्गाबाहेर पाठवलेलं चालतं का. मुख्याध्यापकांच्या दारावर केव्हा टकटक करायची आणि केव्हा नाही. शिक्षकांच्या गटात कोणता निरोप टाकायचा, कोणता नाही. या गोष्टी चुकल्या की कोणी बोलत नाही, फक्त मनात ठेवतात. सोबतीने एक दिवस शांतपणे बसून त्या सांगून टाकाव्यात. जेवणाच्या सुट्टीत पहिले तीन-चार दिवस नव्या शिक्षकाला बोलावून जवळ बसवा. "या ना, इथे बसा" एवढं म्हणायला हवं. न बोलावता माणूस येत नाही.

दुसरं काम वर्ग पाहण्याचं. या आठवड्यात दोन तास नव्या शिक्षकाने इतरांच्या वर्गात मागे बसावं. त्यातला एक तास त्यांच्याच तुकडीचा असावा, दुसऱ्या विषयाच्या शिक्षकांबरोबर. आपल्याकडे गोंगाट करणारी मुलं तिथे कशी बसतात, शिक्षक तासाची सुरुवात कशी करतात, वह्या कशा वाटतात, हे बघून जे कळतं ते सांगून कळत नाही.

पालकांनाही याच आठवड्यात कळवा. मुलांकडून उलटसुलट ऐकायच्या आधी शाळेचा निरोप पोहोचलेला बरा. मजकूर साधा ठेवा : "सोमवारपासून सहावीला गणित नवे शिक्षक शिकवतील. आतापर्यंत झालेल्या अभ्यासाची माहिती त्यांना दिलेली आहे. काही अडचण असल्यास शाळेच्या वेळेत वर्गशिक्षकांमार्फत भेट ठरवावी." निरोपात त्यांचं नाव जरूर द्या, खासगी फोन क्रमांक मात्र त्यांच्या संमतीशिवाय कधीही देऊ नका. एकदा तो पालकांच्या गटात गेला की परत घेता येत नाही.

> तपासा (शुक्रवारी किंवा शनिवारी) : नव्या शिक्षकाला शाळेतल्या किमान पाच मोठ्या माणसांची नावं माहीत आहेत का? एका तरी तुकडीतली निम्मी मुलं नावाने ओळखता येतात का? कोणत्याही दिवशी ते एकटे जेवले का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर सोमवारी आधी ते नीट करा.

## टप्पा ५ : दुसऱ्या आठवड्यापासून पहिल्या सत्राच्या मध्यापर्यंत

इथून शाळा नव्या शिक्षकाला विसरते. स्वागत झालं असं सगळे धरून चालतात. नव्यासाठी मात्र दर आठवड्याला काहीतरी पहिल्यांदाच येत असतं : पहिली चाचणी काढणं, पहिल्या वह्यांचा ढीग, पहिली पालकसभा, पहिला गुणतक्ता, पहिली सहल. यासाठी एक नियम करा. कोणतंही काम पहिल्यांदा येण्याच्या आठवडाभर आधी त्याचा भरलेला नमुना हातात द्या. कोरा नमुना पुरत नाही. गेल्या वर्षीची प्रश्नपत्रिका, नावं झाकलेला गुणतक्ता, तपासलेली एक वही दाखवा. लाल शाईने किती लिहायचं, प्रत्येक चूक दाखवायची की मोजक्याच, सही कुठे करायची, हे तपासलेली वही पाहून दोन मिनिटांत समजतं.

पहिल्या पालकसभेला नव्या शिक्षकाला एकटं बसवू नका. सोबतीने शेजारी बसावं आणि शक्यतो गप्प राहावं. पालकांनी "आधीच्या बाई असं करायच्या" म्हटलं तर काय उत्तर द्यायचं हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा. "त्यांची पद्धत मी समजून घेतली आहे. या सत्रात आपण असं करणार आहोत" एवढं शांतपणे म्हणता आलं की पुरे.

वर्ग पाहायला जाताना. पहिली भेट तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठेवा, आणि ती सोबतीचीच असू द्या. अधिकाऱ्यांची भेट त्यानंतर. आधी सांगून जा. काय बघायचं ते नव्या शिक्षकाने ठरवावं, उदाहरणार्थ "मागच्या दोन रांगा काय करत असतात ते बघा". बघणाऱ्याने दिसलं तेच लिहावं : "मागच्या रांगेतल्या दोघांनी पहिल्या दहा मिनिटांत वही उघडली नाही." "वर्गनियंत्रण कमी" असं लिहिल्याने शिक्षकाच्या हाती काहीच लागत नाही.

तासानंतर बोलायचं ते त्याच दिवशी, आणि सुधारणेचा मुद्दा एकच. एक उदाहरण देते. नवे शिक्षक प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट न बघता लगेच कोणाचं तरी नाव घेतात किंवा स्वतःच उत्तर सांगून टाकतात. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांमध्ये याचा अभ्यास केला. शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि हा वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, असं त्यांना आढळलं. एखाद्या तासात हेच दिसलं असेल तर बाकीच्या सात गोष्टी वहीत राहू द्या. "उद्या प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा" एवढंच सांगा, आणि आठवड्याने पुन्हा जाऊन फक्त तेवढंच बघा. एका बैठकीत आठ सूचना ऐकलेला माणूस त्यातली एकही करत नाही.

> सावधान : वर्गातला गोंधळ ऐकून मुख्याध्यापकांनी किंवा शेजारच्या शिक्षकांनी आत जाऊन मुलांना दरडावणं टाळा. त्या क्षणी शांतता होते, पण "या सरांचं आपण ऐकायचं नसतं, मोठ्या सरांचं ऐकायचं" हे मुलांच्या मनात पक्कं बसतं. कोणाला इजा होण्याचा धोका असेल तर जरूर आत जा. एरवी तास संपल्यावर बोला.

## टप्पा ६ : उत्साह ओसरतो तेव्हा

एलेन मॉइर यांनी कॅलिफोर्नियातल्या नवशिक्षकांबरोबर काम करताना १९९० मध्ये पहिल्या वर्षाच्या पाच अवस्था मांडल्या : अपेक्षा, कसाबसा तग धरणं, निराशा, पुन्हा उभारी आणि मग मागे वळून विचार करणं. निराशेची अवस्था साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या सलग धावपळीनंतर येते असं त्यांनी लिहिलं आहे. नेमक्या याच सुमाराला परीक्षा, पालकसभा आणि पहिली वर्गतपासणी एकदम येऊन ठेपतात.

लक्षणं ओळखा. शिक्षकखोलीत बोलणं कमी होतं. किरकोळ आजारपणाच्या रजा वाढतात. "मला हे जमणारं काम नाही" असं हसत हसत म्हटलं जातं. ते गंभीरपणे घ्या.

अशा वेळी धीराच्या शब्दांआधी काम हलकं करा. वह्यांचा एक ढीग सोबतीने वाटून घ्यावा. एखादा तास दोघांनी मिळून घ्यावा. पुढच्या आठवड्याची टाचणं एकत्र बसून काढावीत. त्यानंतर, जे खरोखर चांगलं झालं असेल ते नेमकेपणाने सांगा. "तुम्ही छान शिकवता" हे कोणालाही सांगता येतं. "तिसऱ्या बाकावरची ती मुलगी जूनमध्ये तोंड उघडत नव्हती, काल तिने तुमच्या तासाला स्वतःहून फळ्यावर येऊन उदाहरण सोडवलं" हे ऐकून माणसाला पुन्हा वर्गात जावंसं वाटतं.

मुख्याध्यापकांनी याच काळात एकदा स्वतः भेटावं, वीस मिनिटं, दार बंद करून, फोन बाजूला ठेवून. वर्गतपासणीचा कागद त्या भेटीत आणू नये.

## सगळे नवे शिक्षक सारखे नसतात

अनुभवी शिक्षक : पंधरा वर्षं शिकवून आलेल्यांना शिकवायचं कसं ते सांगू नका, अपमान वाटतो. त्यांना हवी असते या शाळेची माहिती : गुणांची पद्धत, निर्णय कोण घेतं, इथली मुलं. त्यांनाही सोबती द्या, पण सहकाऱ्याच्या नात्याने. "आमच्या जुन्या शाळेत असं होतं" हे त्यांच्या तोंडून वारंवार आलं तर चिडू नका. त्यात वापरण्याजोगं काही असतं का ते बघा.

वर्षाच्या मध्येच आलेले : यांच्यासाठी टप्पा १ मधलं हस्तांतर सगळ्यात महत्त्वाचं. मुलं आधीच्या शिक्षकांसाठी खट्टू झालेली असू शकतात. शक्य असेल तर जाणाऱ्या शिक्षकांनी एक तास दोघांनी मिळून घ्यावा आणि मुलांसमोर सूत्रं सोपवावीत. पहिल्या आठवड्यात वर्गाच्या पद्धती बदलू नयेत.

तात्पुरते, तासिका तत्त्वावरचे : यांना बहुतेक शाळा काहीच सांगत नाहीत, कारण "ते राहणार थोडेच आहेत". मुलांना मात्र रोज तेच शिकवत असतात. सुरक्षिततेची माहिती, किल्ल्या, बसायची जागा आणि प्रश्न विचारायला एक माणूस, एवढं तर पहिल्या दिवसापासून द्यायलाच हवं. तासापुरतं मानधन असलेल्या माणसाला बिनमोबदला बैठकांना बसवू नका.

## टप्पा ७ : सत्राअखेर आणि वर्षाअखेर

पहिल्या सत्राच्या शेवटी एक बैठक ठेवा आणि तीत नव्या शिक्षकाला बोलू द्या. तीन प्रश्न पुरेत. कोणती गोष्ट तुम्हाला उशिरा कळली? कोणती गोष्ट कोणी सांगितलीच नाही? आमच्या शाळेत तुम्हाला काय विचित्र वाटलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अर्धं वर्ष उलटायच्या आत घ्या. पुढे माणसाला सवय होते आणि ते दिसेनासं होतं. उत्तर ऐकताना बाजू मांडू नका, फक्त लिहून घ्या.

दुसऱ्या सत्रात त्यांच्या आवडीचं एखादं लहान काम त्यांच्याकडे सोपवा : वाचनकट्टा, विज्ञान कोपरा, खेळाचा एक संघ. पहिल्या सत्रात मात्र असं काहीच नको. नवा माणूस "नाही" म्हणू शकत नाही, हे माहीत असल्यामुळे सगळ्या समित्या त्याच्या दारात उभ्या राहतात. समित्यांना अडवण्याचं काम टप्पा १ मध्ये ठरवलेल्या जबाबदार व्यक्तीचं.

वर्षाअखेर सोबतीशीही वेगळं बोला : किती भेटी खरंच झाल्या, वेळ पुरला का, पुढच्या वर्षी पुन्हा हे काम कराल का. ज्यांना नको असेल त्यांना मोकळं करा.

> तपासा (पुढच्या वर्षाचं वेळापत्रक सुरू करण्याआधी) : यंदाच्या नव्या शिक्षकाला देताना अपुरं निघालेलं एक पानी पत्र दुरुस्त झालं का? राहून गेलेल्या गोष्टी यादीत चढवल्या का? किल्ल्यांची नोंद अद्ययावत आहे का? ही दुरुस्ती यंदा रुजू झालेल्या शिक्षकांकडूनच करून घ्या. काय काय राहिलं होतं ते त्यांना नेमकं माहीत असतं.